टपोरा दाणा आणि एकरी एक बॅग

तेलबियांच्या दाण्याचा आकार शेतकरी डोळ्यांनी ठरवतो आणि बीजशास्त्र वजनाने. लहान दाण्यांच्या पिकांत हजार दाण्यांचे वजन धरतात, मोठ्या दाण्यांच्या पिकांत शंभराचे. तिळाचे हजार दाणे तीन ग्रॅमच्या आसपास भरतात, कारळ्याचे तीन-चार ग्रॅम, मोहरीचे साधारण तीन ते पाच. सोयाबीनचे शंभर दाणे वाणाप्रमाणे दहा ते पंधरा ग्रॅमपर्यंत जातात, आणि भुईमुगात टीएजी-24 सारख्या वाणाचे शंभर दाणे पस्तीस-चाळीस ग्रॅमचे, तर टपोऱ्या टीपीजी-41 चे साठीच्या पुढे. म्हणजे एकाच भुईमुगाच्या दोन वाणांत दाण्याच्या वजनाचा फरक जवळजवळ दीडपट पडतो. पोत्यावर मात्र दोन्हीकडे किलोच लिहिलेले असतात. तेलबियांच्या पेरणीतल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

‘लहान दाणा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की सल्ला उलटा पडतो. एक लहानपणा वाणाचा असतो. जे वाण मुळातच बारीक दाण्याचे आहे, त्याचा पूर्ण भरलेला, पक्व दाणा बारीकच राहणार. तो अशक्त नव्हे, तो तसाच असायला हवा. दुसरा लहानपणा भरणीचा असतो. शेंगा भरताना पाऊस उघडला, पाने तांबेऱ्याने गळली, पीक काढायची घाई झाली किंवा झाडाच्या शेंड्याकडच्या उशिराच्या शेंगांना अन्न पुरले नाही, तर त्याच वाणाचा दाणा सुरकुतलेला, चपटा, हलका राहतो. त्याच्या अंगात आनुवंशिक गुण टपोऱ्या भावाइतकेच असतात, शिदोरी मात्र अर्धी असते. बाजूला काढायचा तो हा दुसरा. पहिल्याला चाळणी लावून टाकून देण्यात काहीच हशील नाही. एका वाणाचा टपोरा दाणा दुसऱ्या वाणाच्या बारीक दाण्याशी ताडून पाहणे म्हणजे म्हशीच्या रेडकाची शेळीच्या करडाशी तुलना करण्यासारखे आहे.

दाण्यातली शिदोरी डाळिंब्यांमध्ये, म्हणजे बीजदलांत, साठलेली असते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे वीस टक्के तेल आणि चाळीस टक्के प्रथिने असतात. भुईमुगाच्या दाण्यात तेल निम्म्याच्या आसपास. ज्वारी-गव्हाच्या कोंबाला पिष्टातून साखर चटकन मिळते. तेलबियांच्या कोंबाला आधी तेल फोडून त्याची साखर करून घ्यावी लागते, आणि या कामाला प्राणवायू जास्त लागतो. म्हणून पेरणीनंतर पाणी साचले किंवा जमीन दडपली की तेलबिया तृणधान्यांच्या आधी कुजतात. पहिली खरी पाने उन्हात काम करू लागेपर्यंत रोप या शिदोरीवरच जगते. एकाच वाणातला भरलेला दाणा म्हणूनच जाड कोंब, रुंद बीजदले आणि लांब मुळी देतो. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत हा फरक बांधावरून ओळखू येतो.

टपोरेपणाचे सगळे फायदेच असतात असे मात्र नाही. सोयाबीनचा कोंब वाकून, मान खाली घालून वर येतो आणि दोन्ही डाळिंब्या मातीतून ओढून बाहेर काढतो. दाणा जितका मोठा, तितके हे ओझे जास्त. पेरणीनंतर जोराची सर येऊन ऊन पडले आणि जमिनीवर पापुद्रा धरला, तर मोठ्या डाळिंब्या त्याखाली अडकतात आणि मान मोडते. अशा ठिकाणी बारीक दाण्याचे रोप एखाद्या भेगेतून वर निसटते. मोठा दाणा खोल पेरला तरी चालतो, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. खोलीतून वर यायची ताकद त्याच्यात असते, पण ती मऊ, वाफशावरच्या जमिनीत. सोयाबीन तीन ते चार सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ नये, मग दाणा कितीही टपोरा असो. भुईमुगात डाळिंब्या जमिनीच्या पृष्ठभागाशीच राहतात, त्यामुळे तो पाच सेंटीमीटरपर्यंत सोसतो.

पाण्याचेही तसेच. सोयाबीनच्या दाण्याला उगवण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या निम्मे पाणी शोषावे लागते. मोठ्या दाण्याला एकूण पाणी जास्त लागते, आणि वजनाच्या मानाने त्याची मातीला टेकलेली बाजू कमी असते. भरपूर ओल असेल तर हा फरक कळतही नाही. मृगाच्या एका सरीवर घाईने केलेल्या पेरणीत तो चांगलाच कळतो: बारीक दाणे फुगून कोंब टाकतात, टपोरे अर्धवट फुगतात, ओल संपते आणि ते जागीच मरतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये हा सल्ला दरवर्षी दिला जातो आणि दरवर्षी निम्म्या गावात मोडला जातो. टपोऱ्या वाणाला तो मोडणे सर्वांत महाग पडते.

सोयाबीनच्या टपोऱ्या दाण्याचा खरा शत्रू मात्र खळ्यावर असतो. या दाण्याची साल अतिशय पातळ, आणि मुळीचा अंकुर सालीच्या अगदी लगत, कडेला टेकलेला. वरून पडलेला दाणा त्या बाजूने आपटला की बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र अंकुर दुखावतो. दाणा जड असेल तर आपटही जड. मळणीयंत्राचे फेरे वाढवून एका दिवसात रास उरकणारा मजूर, पोते ट्रॉलीतून फेकणारा हमाल आणि त्याच पोत्यावर बसून चहा पिणारा मालक हे तिघे मिळून उगवण वीस-पंचवीस टक्क्यांनी सहज खाली आणतात. बियाण्याची मळणी मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांच्या आसपास करावी, दाणा फार कोरडा झालेला नसावा, आणि पोती हातावर उतरवावीत. काढणीच्या वेळचा पाऊस ही दुसरी आपत्ती. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसात महाराष्ट्रातले सोयाबीन काढणीलाच भिजले, आणि 2020 च्या खरिपात बियाणे उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. त्यातले पुष्कळ बियाणे दिसायला चांगले टपोरे होते. भिजून फुगलेला आणि पुन्हा वाळलेला दाणा टपोराच दिसतो.

प्रस्तुत लेखकाची फसगत याच टपोरेपणाने झाली, आणि त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. मराठवाड्यातल्या मध्यम काळ्या जमिनीत पाच एकर सोयाबीन, वर्षानुवर्षे जेएस-335, एकराला तीस किलोची एक बॅग, ठरलेली तिफण, चाड्यावर मूठ धरणारा ठरलेला माणूस. एका वर्षी सोयऱ्यांकडे नव्या टपोऱ्या वाणाची रास पाहिली. दाणा ओंजळीत घेतला की हात भरून येई. दीड क्विंटल बियाणे बदल्यात घेतले, घरी आणताना पोती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फेकूनच उतरवली, आणि नेहमीप्रमाणे एकराला तीस किलो पेरले. उगवण तपासायची गरज वाटली नाही, कारण एवढा सुंदर दाणा उगवणार नाही अशी शंकाच आली नाही. नवव्या दिवशी तासात उभे राहून मीटरभर अंतरातली रोपे मोजली. पाच सेंटीमीटरवर एक या हिशेबाने वीस हवी होती. कुठे बारा निघाली, कुठे दहा.

पहिला संशय वाणी किडीवर आणि गोगलगायीवर गेला, दुसरा पावसावर. खरे कारण पोत्यात उरलेल्या दोन ओंजळींत सापडले. शंभर दाणे मोजून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकले, ते पंधरा ग्रॅम भरले. आधीच्या बियाण्याचे शंभर दाणे अकरा ग्रॅमचे असत. मग कागदावर हिशेब मांडला. तीस किलोत अकरा ग्रॅमवाले दाणे सुमारे 2 लाख 72 हजार येतात आणि पंधरा ग्रॅमवाले फक्त 2 लाख. एकरी झाडे हवीत 1 लाख 80 हजारांच्या आसपास (45 बाय 5 सेंटीमीटर अंतराने). सत्तर टक्के उगवले असते तरी 1 लाख 40 हजारच झाडे उभी राहिली असती. त्यात फेकाफेकीने तडा गेलेला दाणा. शेतातली उगवण पंचावन्न टक्क्यांच्या पुढे गेलीच नव्हती, म्हणजे एकरी जेमतेम 1 लाख 10 हजार झाडे. विरळपणातला मोठा वाटा पेरणीच्या आधीच, पोत्यावर किलो वाचताना पडला होता.

पुढचे सगळे अपेक्षेप्रमाणे. बाराव्या दिवशी नांग्या भरल्या, पण मागून टोकलेली रोपे शेवटपर्यंत मागेच राहिली, आणि फुलोऱ्यात आलेल्या झाडांच्या सावलीत लांबट होऊन पडली. मोकळ्या जागेत केना आणि शिपी माजली, एक खुरपण जास्त लागले. शेजारच्या तुकड्यात एकरी आठ क्विंटल आले, इथे साडेसहा. दाणा मात्र खरोखरच टपोरा होता, आणि मोंढ्यात त्या टपोरेपणाचा एक पैसाही जादा मिळाला नाही, कारण तिथे भाव ओलाव्यावर, माती-कचऱ्यावर आणि डागी दाण्यावर ठरतो.

त्या हिशेबातून एक साधे सूत्र निघते आणि ते पाठ होण्याइतके लहान आहे. 45 बाय 5 सेंटीमीटरवरच्या सोयाबीनसाठी शंभर दाण्यांचे ग्रॅममधले वजन 180 ने गुणावे आणि उगवणीच्या टक्क्याने भागावे. येणारा आकडा म्हणजे एकरी किलो. अकरा ग्रॅम आणि सत्तर टक्क्यांना उत्तर 28 किलो येते, म्हणून तीस किलोची सवय इतकी वर्षे निभावून गेली. पंधरा ग्रॅम आणि सत्तर टक्क्यांना तेच 38 किलोंच्या पुढे जाते. उगवण सत्तरच्या खाली जाईल तसे दर टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे आणि साठच्या खालचे बियाणे पेरूच नये, असा एक ठोकताळा कृषी सहायक सांगतात. तो मध्यम दाण्याच्या वाणाला बरोबर आहे. टपोऱ्या वाणाला दाण्याचे वजन आधी हिशेबात धरले नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. अंतर बदलले, रुंद वरंबा-सरीवर पेरले किंवा टोकण केली तर 180 चा आकडाही बदलतो. एकरातल्या अपेक्षित झाडांना हजाराने भागून तो नव्याने काढावा.

टपोऱ्या दाण्याने उत्पन्न वाढते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘थोडे, आणि नेहमी नाही’ असे आहे. एकाच वाणाचे मोठे आणि मध्यम दाणे वेगळे करून एकरी झाडे सारखीच ठेवली, तर सुरुवातीला मोठ्या दाण्याचे पीक पुढे धावते, पण काढणीला हा फरक बराचसा पुसला जातो. सोयाबीनचे झाड जागा मिळेल तसे फांद्या काढते, करडईही तशीच. मागे पडलेले रोप पुढच्या दोन महिन्यांत पुष्कळ भरून काढते. फरक टिकून राहतो तो अडचणीच्या वर्षी: पेरणी उशिरा झाली आणि झाडाला वाढायला दिवस कमी मिळाले, पहिल्या पंधरवड्यात खंड पडला, किंवा तणाने आधी मुसंडी मारली. अशा वर्षी पहिल्या वीस दिवसांची आघाडी शेवटपर्यंत पुरते. सुरकुतलेल्या, अपक्व दाण्याचे मात्र वेगळे. तो चांगल्या वर्षीही नांग्या पाडतो आणि नांग्यांची भरपाई फांद्या एका मर्यादेपर्यंतच करतात. म्हणून सर्वांत मोठा दाणा निवडण्यापेक्षा सर्वांत हलका दाणा काढून टाकण्यात फायदा अधिक, आणि त्याला खर्चही कमी.

भुईमुगात गणित उलट्या बाजूने चुकते. तिथे टपोरा दाणा खायला आणि विकायला जातो, बियाण्याला उरतो तो तळाचा गाळ. प्रस्तुत लेखकाच्या घरीही उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा हीच रीत धरून निवडल्या जात. एकदाण्या, चिंबलेल्या शेंगा बियाण्याच्या मडक्यात आणि भरलेल्या बाजारात. पिढ्यान्‌पिढ्या असे केल्याने वाण बिघडतो असे म्हणतात. तेवढे खरे नाही, कारण एकाच शुद्ध वाणातल्या लहान शेंगेची आनुवंशिकता मोठीइतकीच असते. बिघडते ते त्या-त्या वर्षाचे पीक. अपक्व दाण्यात तेल कमी, साल पातळ, आणि काळ्या बुरशीने होणारी मानकूज त्याला आधी धरते. मिश्रण असलेल्या बियाण्यात मात्र बारीक शेंगेचे भेसळ वाण हळूहळू वाढत जातात, आणि मग वाण बिघडला ही तक्रार खरी ठरते.

भुईमुगाला बियाणे किती लागते तेही दाण्यावरच ठरते. एसबी-11, टीएजी-24 अशा वाणांना हेक्टरी सुमारे 100 किलो दाणे पुरतात. टीपीजी-41 सारख्या मोठ्या दाण्याला 125 ते 150 किलो लागतात. मोठ्या दाण्याच्या वाणाची एक जादा मागणी असते, ती म्हणजे कॅल्शियम. भुईमुगाची शेंग मुळांकडून आलेल्या कॅल्शियमवर भरत नाही, आऱ्या जमिनीत गेल्यावर भोवतालच्या मातीतूनच ते घेते. मोठ्या शेंगेला जास्त लागते आणि कमी पडले की शेंगा पोकळ राहतात. दाणा भरला तरी त्यातला कोंब काळा पडतो. असा दाणा वजनाला पुरा, दिसायला सुरेख, आणि उगवणीला निकामी. बियाण्याचा प्लॉट असेल तर आऱ्या सुटताना जिप्सम टाकायला विसरू नये. दाणा फोडण्याचेही पथ्य आहे. शेंगा पेरणीच्या आठवडाभर आधी हाताने फोडाव्यात, यंत्राने नव्हे, आणि लाल साल निघालेला किंवा अर्धा झालेला दाणा खुशाल चटणीला द्यावा.

सूर्यफूल आणि करडईत आकार फसवा असतो, कारण दिसते ते टरफल. सूर्यफुलाचे दाणे कडेकडून आत भरत जातात. कडेचे मोठे आणि वजनदार, मधले लहान, अगदी केंद्रातले पुष्कळदा फोल. मधमाश्या कमी फिरल्या किंवा बोरॉन कमी पडले की हा फोलपणा कडेकडे सरकतो. बाहेरून मोठा दिसणारा दाणा आत निम्मा रिकामा असू शकतो, म्हणून इथे चाळणीपेक्षा वारा उपयोगी. सुपड्याने उफणले की गीर भरलेला दाणा जागीच राहतो आणि फोल उडतो. करडईचे टरफल जाड, त्यामुळे तिला पाणी शोषायला वेळ लागतो. रब्बीत ओल झपाट्याने खाली जात असताना मोठा पण हलका दाणा तिथे अडकून पडतो. सूर्यफूल टोकून पेरतात आणि मग विरळणी करतात, त्यामुळे दाण्याच्या लहान-मोठेपणाने होणारे नुकसान त्यात आपोआप निस्तरले जाते.

तीळ, कारळे, मोहरी आणि जवस यांत प्रश्न दाणा मोठा असण्याचा नाही, तो सारखा पडण्याचा आहे. तिळाचा दाणा अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल गेला की त्याच्या एवढ्याशा शिदोरीत कोंब वर येत नाही. हेक्टरी दोन-अडीच किलो बियाणे तिफणीने सारखे पडावे म्हणून ते बारीक वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळतात, आणि पंधरा दिवसांच्या आत विरळणी करतात.

आता घरच्या बियाण्याची प्रतवारी. सोयाबीनला साधारण चार मिलिमीटरच्या लांबट छिद्रांची चाळणी चालते. खाली पडलेला माल तेलाला किंवा जनावरांना, वर राहिलेला बियाण्याला. पण वाण बारीक दाण्याचे असेल तर हीच चाळणी चांगले बियाणे गमावते, म्हणून आधी मूठभर दाणे चाळून पाहावेत आणि चाळणीखाली सुरकुतलेलेच पडतात ना याची खात्री करावी. तडा गेलेले दाणे ओळखायला शंभर दाणे पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावेत, पाण्यात कपड्यांच्या ब्लीचचे थोडे थेंब टाकले तर निकाल अधिक स्पष्ट दिसतो. साल फाटलेला दाणा इतरांच्या आधी फुगून उठून दिसतो. शंभरात दहाहून अधिक फुगले तर मळणीत गडबड झाली असे समजावे आणि तेवढे बियाणे वाढवावे. चाचणीला वापरलेले हे दाणे पुन्हा पोत्यात टाकू नयेत.

उगवण तपासायला शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. सोयाबीनचा निकाल सहा-सात दिवसांत मिळतो. मोजताना नुसता कोंब दिसला म्हणजे उगवला असे धरू नये. वाकडी, तुटकी मुळी आणि चिरलेल्या डाळिंब्यांचे रोप शेतात टिकत नाही, ते वजा करावे. प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल आणि एरंडी यांत 70 टक्के आहे, करडई, तीळ, जवस आणि कारळ्यात 80, आणि मोहरीत 85. मोठ्या आणि नाजूक दाण्यांच्या पिकांना मर्यादाच खाली ठेवलेली आहे, हे इथे लक्षात येईल. चाचणी मार्चमध्ये एकदा झाली असली तरी पेरणीच्या पंधरवड्यात पुन्हा करावी. सोयाबीनची उगवणक्षमता उन्हाळ्याच्या उष्ण साठवणीत घसरते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ती फारच झपाट्याने घसरते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी, चार-पाचहून अधिक थर न लावता ठेवावीत.

बियाणे बाजारातून आणले तर बॅगेवरचे लेबल सांभाळून ठेवावे, त्यावर उगवण, लॉट नंबर आणि वैधतेची तारीख असते. शंभर दाण्यांचे वजन मात्र लेबलवर शोधत बसू नये, ते घरीच काढावे. बॅग फोडून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दाणे घ्यावेत, शंभर-शंभर दाणे तीनदा मोजून सरासरी धरावी, आणि तो आकडा बॅगेवर खडूने लिहून ठेवावा. ग्रॅमचा काटा घरात नसेल तर गावातल्या सोनाराकडे असतोच, आणि शंभर दाणे तोलून देण्याचे तो पैसे घेत नाही.